एदुआर्दो कुतिन्यो: अर्धवट राहिलेला सिनेमा, एक खुर्ची आणि बरीच बंधनं

पडदानशीन (धागाकर्ता)

‘आय एम स्टिल हिअर’ या सिनेमाच्या धाग्यावर फर्नांडा टोरेसच्या कामाबद्दल बोलता बोलता ब्राझीलचा माहितीपट-दिग्दर्शक एदुआर्दो कुतिन्यो याचा ‘जोगो दे सेना’ निघाला आणि चर्चा भलतीकडे गेली. म्हणून हा वेगळा धागा. ब्राझीलचा सिनेमा म्हटलं की आपल्याकडे ग्लाउबेर रोशा, ‘सिटी ऑफ गॉड’ आणि वॉल्टर सालेस यांच्यापुढे गाडी सरकत नाही. कुतिन्यो मागे पडतो. त्याचे सिनेमे म्हणजे माणसं बसून बोलतात, एवढंच, आणि पोर्तुगीज येत नसेल तर सबटायटल वाचता वाचता चेहरा निसटतो.

आधी थोडक्यात चरित्र. जन्म ११ मे १९३३, सांव पावलो. कायद्याचं शिक्षण अर्धवट सोडलं. ‘विझांव’ या साप्ताहिकात मजकूर तपासायचं काम केलं. १९५७ मध्ये टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेत चॅप्लिन हा विषय घेऊन बक्षीस जिंकलं आणि त्या पैशांवर युरोप गाठला. पॅरिसच्या ‘इदेक’ या चित्रपटशाळेत शिकून १९६० मध्ये परत आला. तेव्हा विद्यार्थी संघटनेचं लोकसंस्कृती केंद्र जोरात होतं. ‘सिंको वेझिस फावेला’ (१९६२) या पाच तुकड्यांच्या सिनेमाची निर्मिती-व्यवस्था त्यानं तिथेच सांभाळली.

त्याच वर्षी ही मंडळी ईशान्य ब्राझीलच्या दौऱ्यावर गेली. २ एप्रिल १९६२ रोजी पाराइबा राज्यात सापे इथल्या शेतकरी संघाचा नेता जोआंव पेद्रो तेशेइरा याचा रस्त्यात गोळ्या घालून खून झाला होता. मुलांसाठी घेतलेली शाळेची पुस्तकं त्याच्याजवळ होती. मारेकरी जमीनदारांनी लावलेले. त्यानंतर जेमतेम दोन आठवड्यांनी सापेमध्ये निषेधाचा मेळावा झाला. कुतिन्योनं तो चित्रित केला आणि तिथेच तेशेइराची विधवा एलिझाबेथ त्याला भेटली. तेशेइराच्या आयुष्यावर कथापट करायचा, एलिझाबेथनं स्वतःचीच भूमिका करायची आणि बाकी पात्रं खऱ्या शेतकऱ्यांनी, अशी कल्पना ठरली.

चित्रण सापेमध्येच व्हायचं होतं. पण १५ जानेवारी १९६४ रोजी तिथल्या परिसरात पोलीस, साखर कारखान्याची माणसं आणि शेतकरी यांच्यात चकमक होऊन ११ जण मेले आणि भागात पोलीस येऊन बसले. मग जागा बदलली. शेजारच्या पेर्नांबुको राज्यात एंजेन्यो गालिलेया नावाची उसाची जुनी जहागीर होती. घाणा कधीच बंद पडलेला, जमीन तुकड्यातुकड्यानं खंडानं दिलेली, राहणारी कुटुंबं १४०. पहिला शेतकरी संघ १९५५ मध्ये इथेच उभा राहिला आणि १९५९ मध्ये सरकारनं ही जमीन ताब्यात घेऊन शेतकऱ्यांना दिली. म्हणजे जागा बदलली तरी ती उपरी नव्हती. २६ फेब्रुवारी १९६४ ला काम सुरू झालं, ३५ दिवस चाललं, आणि लष्करी उठाव झाला. पटकथेतलं साधारण ४० टक्के चित्रित झालं होतं. हाच अर्धवट सिनेमा कुतिन्योनं पुढे १९८४ मध्ये माहितीपट म्हणून पुरा केला.

इथवर पार्श्वभूमी. जाणकारांनी भर घालावी.

---

खडूफळा

सिनेमाचं नाव ‘काब्रा मार्कादो पारा मोरेर’. यातला ‘काब्रा’ म्हणजे बकरी ना? बळीचा बकरा वगैरे अर्थ आहे का? आणि आडनाव आपण नेहमी ‘कुटिन्हो’ वाचतो ते?

---

मांडवीकाठ

आडनाव गोव्यात घराघरांत आहे, तिथे कुतिन्हो म्हणतात. पोर्तुगीज उच्चारात शेवटी ‘न्य’ येतो, त्यामुळे कुतिन्यो.

‘काब्रा’चा शब्दार्थ बकरी हे खरं. पण ईशान्य ब्राझीलच्या बोलीत तो राबणाऱ्या, कुणाच्या तरी पदरी असलेल्या पुरुषासाठी वापरतात. आपल्याकडे ‘गडी’ जसा नोकरालाही चालतो आणि ‘काय गडी आहे!’ असा कौतुकालाही, तसाच. ‘मरणासाठी हेरून ठेवलेला गडी’ असा अर्थ धरा. हे शब्द कवी फेरेइरा गुल्लारच्या १९६२ च्या एका लोककवितेतून आलेत, आणि सिनेमातल्या निवेदनातला एक आवाजही गुल्लारचाच आहे.

अवांतर: शेतकरी संघ ज्याच्याविरुद्ध लढत होते त्या ‘कांबांव’साठी मराठीत तयार शब्द आहे, वेठ. खंड भरायचाच, वर ठरावीक दिवस मालकाच्या शेतात फुकट राबायचं. आणि गालिलेयातली पहिली संघटना क्रांतीबिंतीसाठी निघालेली नव्हती. परस्पर मदतीची साधी मंडळी होती ती, आणि मयताला शवपेटी मिळावी हे तिच्या कामांपैकी एक होतं.

---

निमसरकारी

लष्करानं सगळं जप्त केलं म्हणतात. मग १९८४ च्या सिनेमात ६४ चे तुकडे दिसतात ते आले कुठून? की पुन्हा चित्रित केले?

---

रीळपाळ

पुन्हा चित्रित केलेले नाहीत. जप्त झालं ते जागेवर असलेलं सामान, म्हणजे कॅमेरा आणि इतर साधनं. पण चित्रित झालेली बरीचशी निगेटिव्ह धुण्यासाठी आधीच रिओच्या प्रयोगशाळेत रवाना झाली होती. त्या काळी खेड्यात काम करताना निगेटिव्ह साठवून ठेवत नसत. उष्णतेनं आणि दमटपणानं ती खराब होते, शिवाय फोकस-एक्स्पोजर बरोबर आलंय का हे धुऊन आल्याशिवाय कळत नाही. या नेहमीच्या कारणामुळे पेट्या लवकर निघाल्या होत्या आणि म्हणून सिनेमा वाचला.

शेवटच्या दिवसांत घेतलेल्या प्रसंगात घरात रात्रीची बैठक चालू आहे आणि एलिझाबेथ आत येऊन सांगते, बाहेर माणसं आहेत. पटकथेत ती माणसं म्हणजे जमीनदाराची. प्रत्यक्षात पुढच्या दोन दिवसांत लष्करच आलं. १९८४ च्या सिनेमात हे वाक्य पुन्हा पुन्हा येतं. ज्यांनी सिनेमा पाहिलेला नाही त्यांनी ते कान देऊन ऐका.

युनिटची माणसं रानात लपली, शेतकऱ्यांनी त्यांना दडवलं. एका शेतकऱ्याच्या मुलानं युनिटनं मागे सोडलेलं एक पुस्तक सांभाळून ठेवलं, कुर्झिओ मालापार्तेचं ‘कापुत’. सतरा वर्षांनी तो कॅमेऱ्यासमोर त्यातला मजकूर म्हणून दाखवतो.

---

पडदानशीन

@रीळपाळ, आभार. आता १९८१ बद्दल लिहितो, कारण कुतिन्योची पद्धत तिथे घडली असं माझं मत आहे.

१९७९ मध्ये राजकीय गुन्ह्यांना सरसकट माफी मिळाली, त्यानंतर परत जाणं शक्य झालं. तो गेला तेव्हा हातात पटकथा नव्हती. ६४ चे तुकडे १६ मिमीवर उतरवून नेले होते. गालिलेयात संध्याकाळी उघड्यावर प्रोजेक्टर लावला आणि ज्यांनी कामं केली होती त्यांनाच ते दाखवले. माणसं पडद्यावर स्वतःला, शेजाऱ्यांना, मेलेल्यांना ओळखायला लागतात आणि कॅमेरा पडद्याकडे पाठ करून त्यांच्याकडे बघतो. मुलाखत कशी सुरू करावी या प्रश्नाचं इतकं नेमकं उत्तर क्वचित कुणी दिलं असेल: ‘तुम्हाला काय आठवतं’ असं विचारू नका, वस्तू पुढे ठेवा.

यात फसलेली एक जागा त्यानं मुद्दाम ठेवली आहे. तेशेइराची भूमिका करणारा जोआंव मारिआनो मध्यंतरी इव्हँजेलिकल पंथात गेलेला. तो बोलायला लागतो, रंगात येतो, आणि माइकमध्ये वारा भरल्याचं ध्वनिमुद्रक सांगतो म्हणून कुतिन्यो त्याला थांबवतो. सगळं ठाकठीक करून ‘हां, बोला’ म्हटल्यावर मारिआनो गप्प. बराच वेळ गप्प. जमलेलं बोलणं तांत्रिक कारणासाठी तोडलं की माणूस भानावर येतो आणि आपण काय बोलतोय ते तोलू लागतो. दुसऱ्या कुणी तो भाग कापला असता. कुतिन्योनं शांतता तशीच ठेवली, म्हणून चूक कुणाची ते प्रेक्षकाला स्पष्ट दिसतं. दिग्दर्शकाची.

---

खडूफळा

आणि एलिझाबेथ? ती सापडली कशी?

---

पडदानशीन

थोरल्या मुलाकडून. पाराइबातल्या पातोस गावी तो पत्रकार होता. आई कुठे आहे हे त्याला ठाऊक होतं. ती शेजारच्या रिओ ग्रांदे दो नोर्ते राज्यात सांव राफाएल इथे मार्ता मारिया दा कोस्ता या नावानं राहत होती. अकरा मुलांपैकी एकच सोबत, बाकीची नातलगांकडे विखुरलेली. शिकवण्या घेऊन आणि कपडे धुऊन गुजराण.

पहिल्या दिवशी मुलगा शेजारी बसलेला. त्याच्या आग्रहावरून ती लष्करी राजवटीचा राष्ट्राध्यक्ष फिगेरेदो याचे आभार मानते. शब्द जपून, आवाज दबका. दुसऱ्या दिवशी ती मोकळी होते. आणि शेवटी निरोप घेताना, गाडी निघायच्या बेतात असताना, रस्त्यावर उभी राहून ती जे बोलते ती १९६२ ची एलिझाबेथ असते: लढा थांबत नाही, कारण भूक आहे, तुटपुंजी मजुरी आहे. आवरतं घेतलंय असं समजून कॅमेरा बंद केला असता तर हे गेलं असतं. पहिल्याच दिवसावर समाधान मानलं असतं तरी गेलं असतं.

---

ठोकताळा

थोडा विरोधी सूर लावतो. ‘काब्रा’ थोर आहे, वाद नाही. पण त्यात निवेदन आहे, वर्तमानपत्रांची कात्रणं आहेत, मुलांचा शोध आहे. एदुआर्दो एस्कोरेलचं संकलनही गुंतागुंतीचं आहे, काळे-पांढरे तुकडे रंगीत तुकड्यांत विणलेले. नंतरच्या कुतिन्योत यातलं काहीच उरलेलं नाही. त्यामुळे ‘पद्धत इथेच घडली’ हे मला पटत नाही. खरी तालीम त्याआधी टीव्हीवर झाली.

१९७५ ते ८४ तो ‘ग्लोबो रिपोर्टर’मध्ये नोकरी करत होता. सेन्सॉर होताच, पण कार्यक्रम फिल्मवर होत असल्यामुळे वरची मंडळी रोजच्या बातम्यांवर ठेवतात तसं बारीक लक्ष ठेवत नसत. ‘सेइस दियास दे ओरिकुरी’ (१९७६) दुष्काळावर आहे. एक शेतकरी उपासमारीत कोणकोणती मुळं खाल्ली ती एकेक हातात घेऊन सांगतो, तीन मिनिटांहून जास्त, मध्ये कट नाही. टीव्हीवर तीन मिनिटं म्हणजे अनंतकाळ. आणि ‘तेओदोरिको, ओ इंपेरादोर दो सेर्तांव’ (१९७८) तर कमालच. रिओ ग्रांदे दो नोर्तेमधला बडा जमीनदार आणि राजकारणी. निवेदक काढून टाकला आणि सगळं त्यालाच बोलायला लावलं. तो स्वतःच्या मजुरांच्या मुलाखती स्वतः घेतो! मालक विचारणार आणि गडी उत्तर देणार, मग टीका करायची वेगळी गरज काय?

---

रीळपाळ

दोघांचंही बरोबर आहे, पण मधला दुवा कच्च्या मालाचा आहे. त्याचा हिशेब मांडतो.

१६ मिमीचं नेहमीचं रीळ ४०० फुटांचं. सेकंदाला २४ फ्रेमनं ते ११ मिनिटं चालतं. ३५ मिमीत तेवढीच ११ मिनिटं हवी तर हजार फूट लागतात, आणि ४०० फुटांत साडेचार मिनिटंही मिळत नाहीत. माणूस बोलायला लागून तापायला दहा मिनिटं घेतो आणि नेमकं तेव्हाच मॅगझिन (कॅमेऱ्यावरची रिळाची पेटी) बदलायचं. शिवाय प्रत्येक फुटाला पैसे. त्यामुळे प्रश्न विचारणारा नकळत घाई करतो, लांबण लावणाऱ्याला तोडतो.

व्हिडिओत बेटाकॅमची छोटी कॅसेट ३० मिनिटांची आणि टेप स्वस्त. कुतिन्योनं १९८७ मध्ये ‘सांता मार्ता’ हा रिओच्या एका फावेलावरचा (झोपडवस्तीवरचा) माहितीपट व्हिडिओवर केला आणि पुढे तो बहुधा व्हिडिओवरच काम करत राहिला. चित्राचा दर्जा खालावतो, रंग पसरतात, ३५ वर चढवल्यावर कडा मऊ पडतात, हे त्यानं चालवून घेतलं. त्याला हवा होता न तुटणारा वेळ.

आणि कट न करता बोलू देण्याचा दुसरा परिणाम संकलनात दिसतो. त्याच्या नंतरच्या सिनेमांत बोलणाऱ्याच्या आवाजावर भलतीच दृश्यं चढवलेली जवळजवळ नसतात. हात, खिडकी, रस्ता असे ‘झाकायचे’ शॉट नसल्यामुळे वाक्यं तोडून जोडता येत नाहीत. जोडलीच तर उडी दिसते, आणि दिसली तर दिसू द्यायची.

---

खडूफळा

‘बोका दे लिशो’बद्दल कुणी लिहा ना. कचराकुंडीवर राहणाऱ्या लोकांकडे कॅमेरा घेऊन जाणं मला तरी अवघड वाटतं.

---

मांडवीकाठ

त्यांनाही अवघड वाटलं, आणि सिनेमा तिथूनच सुरू होतो. १९९२, रिओजवळच्या सांव गोन्सालोमधलं इताओका इथलं कचऱ्याचं मैदान. सुरुवातीला माणसं तोंडाला फडकी बांधतात, पाठ फिरवतात. एक पोरगा सरळ विचारतो: हे यंत्र आमच्या तोंडावर रोखून तुम्हाला मिळतं काय?

त्यावर कुतिन्योनं केलेला उपाय साधा आहे. टेपमधून लोकांच्या चेहऱ्यांच्या कागदी प्रती काढल्या आणि दुसऱ्या खेपेला त्या वाटत फिरला: हा कोण, ही कुठे राहते? लोक घोळका करून कागद बघायला लागतात, हसतात, नावं सांगतात. नावं कळली की घरी जाता येतं, आणि घरात तीच बाई कचऱ्यातली राहत नाही, गाणं म्हणणारी किंवा स्वयंपाक करणारी होते. कचऱ्याच्या ढिगावर उभं राहून ‘तुमचं दुःख सांगा’ म्हटलं असतं तर तीच ती चार वाक्यं मिळाली असती.

---

ठोकताळा

पण ‘सांतो फोर्ते’त त्यानं लोकांना पैसे दिले. पैसे देऊन घेतलेली साक्ष ती काय साक्ष?

---

पडदानशीन

दिले, आणि देताना दाखवले. नोटा मोजून दिल्या जातात, पावतीवर सही होते, हे सिनेमातच आहे. लपवून दिले असते तर तुमचा आक्षेप मी मान्य केला असता. माणूस अर्धा दिवस तुमच्यासाठी बसतो, तुमचं युनिट पगारी, मग त्यानंच फुकट का बसावं? आणि ही साक्ष नाहीच. ‘तुमच्या अंगात कोण येतं’ या प्रश्नाचं खरंखोटं कोण आणि कसं करणार?

‘सांतो फोर्ते’ (१९९९) हा त्याचा पुनर्जन्म म्हणा. मधल्या वर्षांत कुतिन्यो संपला असंच लोक धरून चालले होते. गाव्हेआ भागातली व्हिला पार्के दा सिदादे ही फावेला. ५ ऑक्टोबर १९९७ ला पोप रिओत प्रार्थना घेत होते, तेव्हापासून काम सुरू. विषय धर्म, पण एकही विधी किंवा अंगात येणं चित्रित करायचं नाही, असा नियम. फक्त सांगणं. एक बाई म्हणते या अंगणात माझ्यावर आत्म्यांनी झडप घातली, आणि मग पडद्यावर काही सेकंद रिकामं अंगण, आवाज नाही, संगीत नाही. सगळा भार तिच्या शब्दांवर आणि आपल्या डोक्यावर.

यातली पद्धत पुढे पक्की झाली: संशोधक मंडळी आधी वस्तीत फिरणार, गप्पांच्या टेप करणार. कुतिन्यो टेप बघून माणसं निवडणार, पण प्रत्यक्ष चित्रणापर्यंत त्यांना भेटणार नाही. कारण एकदा त्याला गोष्ट सांगून झाली की दुसऱ्यांदा माणूस ‘मघाशी म्हटलं तसं’ म्हणतो आणि आटपतं घेतो. ऐकणारा नवा असेल तरच सांगणारा नव्यानं सांगतो.

---

कॅरिओका_नाही

‘एदिफीसिओ मास्टर’ (२००२) राहिला. त्याचे आकडे सिनेमाच सांगतो: कोपाकाबानातली इमारत, समुद्रापासून एका चौकावर, १२ मजले, मजल्यावर २३ खोल्या, एकूण २७६ घरं, साधारण ५०० रहिवासी. युनिटनं त्यातलंच एक घर महिन्यासाठी भाड्यानं घेतलं. तीन तुकड्यांनी आठवडाभर चित्रण केलं. सिनेमात ३७ माणसं.

इमारतीबाहेर कॅमेरा गेलाच नाही. कोपाकाबाना आणि समुद्र दिसत नाही! या बंधनांना कुतिन्यो कैद म्हणायचा. एक जागा, एक मुदत, तेवढ्यातच सिनेमा. मर्यादा आखली की आपण नमुनेदार माणूस शोधणं बंद करतो. त्या इमारतीत शिक्षक असेल तर शिक्षक, कॉलगर्ल असेल तर कॉलगर्ल. ‘मध्यमवर्गाचं प्रतिनिधित्व’ वगैरे प्रश्न उरत नाही.

व्यवस्थापक तर विसरता येत नाही. म्हणतो, मी आधी पियाजे (बालमानसशास्त्रज्ञ) वापरतो, नाहीच जमलं तर पिनोचे (चिलीचा हुकूमशहा). एक मुलगी कॅमेऱ्याकडे अजिबात न बघता बोलते. आणि एक म्हातारे गृहस्थ सिनात्राचं ‘माय वे’ लावून सोबत गातात, ते मात्र मला बघवत नाही. चांगलं नाही म्हणून नव्हे. कॅमेरा हलत नाही आणि आपल्यालाही हलू देत नाही म्हणून.

---

निमसरकारी

हे वाचून प्रश्न: वाड्यातल्या, गिरणगावातल्या जुन्या माणसांच्या मुलाखती अशा पद्धतीनं घ्यायच्या असतील तर नेमकं काय करायचं? ‘मनापासून ऐका’ सोडून सांगा.

---

रीळपाळ

त्याच्या सिनेमांतून उचलता येण्यासारखं सांगतो.

जागा आणि मुदत आधी ठरवा, विषय नंतर. ‘गिरणी संप’ असा विषय घेतलात की लोक वर्तमानपत्रातली वाक्यं परत ऐकवतात. ‘या चाळीचे दोन मजले, दहा दिवस’ असं घेतलंत तर संप आपोआप येतो, आणि सोबत बरंच काही येतं.

आधीच्या गप्पा दुसऱ्या कुणाला करू द्या. एकटेच असाल तर आधी फक्त ओळख, वय, खोली क्रमांक इतकंच. चांगली गोष्ट निघायला लागली तर थांबवा.

विचारणाऱ्यानं कॅमेऱ्याला अगदी खेटून बसायचं. लांब बसलात तर नजर तिरकी जाते. बोलणाऱ्याला सूचनांचा पुठ्ठा दाखवायचा नाही, प्रश्नांची यादी हातात धरायची नाही. यादी दिसली की माणूस परीक्षा देतो.

‘का’ विचारू नका. ‘का’ला माणूस मत देतो. ‘कधी’, ‘कुठल्या खोलीत’, ‘मग ती काय म्हणाली’ याला प्रसंग देतो. कुतिन्योचे प्रश्न काही वेळा अगदी बावळट वाटतात, बोलणाऱ्याचाच शेवटचा शब्द तो उलट विचारतो. ते बावळट नाहीत.

जिथे हमखास बिघडतं: घरचं दुसरं माणूस खोलीत बसलेलं असतं आणि मध्ये दुरुस्त्या करतं. एलिझाबेथचा पहिला दिवस आठवा. शक्य असेल तर त्याची वेगळी मुलाखत लावा, म्हणजे ते खूश आणि खोली रिकामी. दुसरं म्हणजे पंखा. पंख्याचा आवाज नंतर निघत नाही. आधी बंद करा, मध्येच नको, नाहीतर मारिआनोसारखं होतं. आणि आवरल्यावर लगेच बटण दाबू नका. माइक काढेपर्यंत चालू ठेवा, पण चालू आहे हे त्यांना माहीत असू द्या.

संकलनात चित्रणाचा क्रम शक्यतो मोडू नका. कुतिन्यो बऱ्याचदा हे पाळायचा. तुमचं स्वतःचं शिकणं त्यात दिसतं.

---

खडूफळा

वाचनखूण साठवली. आता ज्याच्यासाठी धागा निघाला त्या ‘जोगो दे सेना’कडे या!

---

पडदानशीन

आलोच. २००६ मध्ये रिओच्या वर्तमानपत्रात जाहिरात: १८ वर्षांवरच्या, रिओत राहणाऱ्या, सांगण्यासारखं काही असलेल्या बायकांनी माहितीपटाच्या चाचणीसाठी यावं. ८३ जणी आल्या. २३ निवडल्या आणि जूनमध्ये ग्लाउसे रोशा नाट्यगृहात चित्रण झालं. जिन्यावरून बाई रंगमंचावर येते, खुर्चीत बसते, मागे रिकामं प्रेक्षागृह. सप्टेंबरमध्ये अभिनेत्री आल्या आणि त्याच गोष्टी आपल्या म्हणून सांगितल्या. मारीलिया पेरा, आंद्रेआ बेल्त्रांव, फर्नांडा टोरेस या तिघी सगळ्यांच्या ओळखीच्या. बाकीच्यांत काही अनोळखी अभिनेत्री, आणि तिथेच पाय घसरतो. जिच्या दुःखानं तुम्ही हेलावलात ती नंतर कॅमेऱ्याकडे बघून सांगते की हे तिचं नव्हतं.

फर्नांडा टोरेस मध्येच अडते. थांबते, पुन्हा सुरू करते, जमत नाही. खऱ्या बाईसमोर आपलं सोंग उघडं पडल्यासारखं तिला होतं, आणि अडलेलं सगळं सिनेमात आहे. आंद्रेआ बेल्त्रांवचा प्रश्न उलटा: मूळ बाईनं शांतपणे सांगितलेलं, हिला रडायचं नव्हतं, आणि रडू आवरेना. मारीलिया पेरा तर डोळ्यांत पाणी आणायची मेंथॉलची कांडी सोबत घेऊन आलेली, लागलीच तर असू दे म्हणून. ती सांगते की खरं रडू आलेला माणूस अश्रू लपवायला बघतो आणि नट मात्र ते दाखवायला बघतो. हे ऐकल्यावर मालिका बघणं कठीण होतं, इशारा देऊन ठेवतो.

---

ठोकताळा

माझ्या मते त्याचा सर्वोत्तम सिनेमा. आणि इथे माझी ‘साक्ष’वाली शंकाही विरली. कुतिन्यो सत्य शोधतच नव्हता, सांगण्याचं बळ शोधत होता.

पण सगळं जमलं असं नाही. ‘मॉस्को’ (२००९) बघा. बेलो होरिझोंतेचं ग्रूपो गाल्पांव हे नाटकमंडळ, दिग्दर्शक एन्रिके दियाझ, तीन आठवड्यांत चेकॉव्हच्या ‘तीन बहिणीं’च्या तालमी. नट तालमीत खरेच कसलेले, त्यामुळे गळती कुठेच नाही, आणि गळतीशिवाय कुतिन्योला धरायला काही मिळत नाही. उलट ‘ओ फिं ई ओ प्रिन्सिपिओ’ (२००५) मध्ये त्यानं आपली आधीच्या संशोधनाची काठीच फेकून दिली. पाराइबात चार आठवडे, कुणाची आधी चौकशी नाही. एका स्थानिक मुलीच्या मदतीनं आरासास वस्तीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांशी गप्पा. काही संवाद तर एकमेकांना नीट ऐकूही येत नाहीत, आणि तरी कसले रंगतात.

---

कॅरिओका_नाही

‘उं दिया ना विदा’ (२०१०) कुणाला मिळाला तर सोडू नका. दिवसभरात १९ तास ब्राझीलचा टीव्ही रेकॉर्ड करून दीड तासाचा केलेला. जाहिराती, प्रवचनं, मारामाऱ्या, स्वयंपाक. भाष्य शून्य. वाहिन्यांचे हक्क नसल्यामुळे रीतसर प्रदर्शित करता आला नाही.

२ फेब्रुवारी २०१४ रोजी मानसिक आजारी असलेल्या मुलाच्या हल्ल्यात कुतिन्यो घरीच गेला. त्याबद्दल इथे जास्त नको.

शेवटचा ‘उल्तिमास कोन्वेर्सास’ (२०१५) त्याच्यामागे जोर्दाना बेर्गनं संकलित केला आणि जोआंव मोरेइरा सालेसनं पुरा केला. शाळकरी मुलांच्या मुलाखती. सुरुवातीला कुतिन्यो स्वतः त्या खुर्चीत बसून कुरकुरतो, की जमत नाहीये, लहान मुलं घ्यायला हवी होती. मग शेवटी सहा वर्षांची एक मुलगी येते आणि त्याच्या चेहऱ्याचा आवाज बदलतो. चेहऱ्याचा आवाज म्हणजे काय ते बघितल्यावर कळेल.

---

खडूफळा

कुठून सुरू करू? आणि ‘काब्रा’ची कोणती प्रत शोधू?

---

रीळपाळ

सुरुवात ‘एदिफीसिओ मास्टर’नं करा, मग ‘जोगो दे सेना’. ‘काब्रा’ तिसरा, पूर्ण दोन तास मोकळे ठेवून. आधीच बघितलात तर पहिल्या अर्ध्या तासात नावांत गुंतून पडाल.

‘काब्रा’ची २०१४ ची डीव्हीडी, मोरेइरा सालेस संस्थेनं काढलेली, दुरुस्त केलेल्या प्रतीवरून आहे. तीच शोधा. त्यात दोन जोड-सिनेमे आहेत, एक एलिझाबेथच्या कुटुंबावर आणि एक गालिलेयात उरलेल्या माणसांवर. ऐंशीच्या घरात पोचलेला कुतिन्यो तिसऱ्यांदा त्याच दारांत जाऊन बसला होता.

---

खडूफळा

म्हणजे १९६४, १९८१ आणि मग अगदी शेवटी. आज रात्री मास्टर.

---

निमसरकारी

पंख्याची सूचना लिहून घेतली आहे. बाकीच्या दहा दिवसांनी.